व्हॉइस असिस्टंटला रस्ता विचारताना: बरोबर क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

‘कर्जतला जायचंय’ असं फोनला सांगितलं, फोनने लगेच रस्ता सांगायला सुरुवात केली आणि गाडी निघाली. त्याने कर्जत कुठलं धरलं, रायगड जिल्ह्यातलं की अहिल्यानगर जिल्ह्यातलं, हे कुणी पाहिलंच नाही. बोलून रस्ता विचारण्यातली बहुतेक फसगत अशी गाडी हलण्याआधीच होऊन बसते.

असिस्टंट दोन वेगवेगळी कामं करतो. तुम्ही उच्चारलेलं नाव ऐकून आधी तो नकाशावर ठिकाण शोधतो आणि मग तिथपर्यंतचा रस्ता काढतो. दुसऱ्या कामात तो सहसा चोख असतो. घोळ होतो तो पहिल्या कामात, आणि चुकीचं ठिकाण धरलं तरी त्याचा आवाज तितकाच ठाम राहतो. म्हणून पुढच्या टप्प्यांत सगळ्यात जास्त जागा ठिकाण पक्कं करण्याला दिली आहे.

सूचना अँड्रॉइड फोन, गूगल मॅप्स आणि गूगल असिस्टंट किंवा जेमिनी धरून लिहिल्या आहेत. फोनच्या कंपनीप्रमाणे मेन्यूतली नावं थोडी इकडे-तिकडे होतील. आयफोनवर मॅप्स वापरणाऱ्यांनाही क्रम हाच.

## १. फोन एकदाच नीट लावून घ्या

हे काम घरी बसून, शांतपणे करायचं. एकदा केलं की महिनोनमहिने बघावं लागत नाही. अपवाद वाहन आणि टाळायचे रस्ते यांचा. ते दर प्रवासाला पाहायचे.

भाषा. असिस्टंटची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर ‘घोडबंदर’, ‘चिखलठाणा’, ‘ज्ञानेश्वरनगर’ यांचं तो काहीच्या काही ऐकतो. मराठी (भारत) किंवा इंग्रजी (भारत) निवडा. दोन भाषा ठेवायची सोय असेल तर दोन्ही ठेवा. रस्ता सांगणारा आवाज मात्र वेगळ्या ठिकाणी ठरतो: मॅप्समध्ये वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर दाबा, सेटिंग्ज उघडा, नेव्हिगेशनमध्ये जा आणि तिथे आवाज निवडा. एक बदलल्याने दुसरं बदलत नाही, त्यामुळे दोन्ही जागी जाऊन पाहा. कोणता आवाज घ्यावा? ज्या भाषेत डावं-उजवं ऐकल्याबरोबर हात वळतो, ती भाषा.

लोकेशन. फोनच्या सेटिंगमध्ये मॅप्सला दिलेली लोकेशनची परवानगी उघडा आणि ‘अचूक लोकेशन’ चालू आहे का ते पाहा. ते बंद असेल तर फोन अ‍ॅपला तुमचा फक्त अंदाजे भाग कळवतो, म्हणजे सुमारे ३ चौरस किलोमीटरचा पट्टा. एवढ्यात अख्खं उपनगर बसतं. ‘लोकेशन अ‍ॅक्युरसी’ नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू ठेवा. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा सिग्नल अडतो तेव्हा आसपासची वाय-फाय आणि मोबाइल टॉवर यांच्या आधाराने फोन जागा काढतो, ते या बटणामुळे.

बॅटरी सेव्हर. प्रवासात बंद ठेवा. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी स्क्रीन विझताच लोकेशन थांबवतात. मग दुचाकीवर खिशातला फोन दोन वळणं मागचीच सूचना देत राहतो.

वाहन. मॅप्समध्ये चारचाकी आणि दुचाकी असे वेगळे पर्याय आहेत. तोंडी सांगताना वाहन बोललं नाही तर नेहमीचा किंवा मागच्या वेळचा पर्याय धरला जाण्याची शक्यता मोठी. चारचाकीत असताना दुचाकीचा पर्याय राहिला तर फोन तुम्हाला बोळात घालेल. उलटं झालं तर दुचाकीवाला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सी लिंक किंवा मुंबईचा कोस्टल रोड यांच्या तोंडाशी जाऊन उभा राहील. या पाचही ठिकाणी दुचाकीला बंदी आहे.

टाळायचे रस्ते. ‘टोल टाळा’, ‘महामार्ग टाळा’, ‘फेरी टाळा’ ही तीन बटणं मार्गाच्या पर्यायांमध्ये असतात. मागच्या प्रवासात चालू केलेलं बटण तसंच राहतं आणि पुढच्या वेळी फोन अचानक जुन्या, लांबच्या रस्त्याने नेतो. ‘आज हा वेड्यासारखा का नेतोय’ असं वाटलं की आधी ही बटणं पाहा. ‘इंधन वाचवणारा मार्ग’ असाही पर्याय आहे. तो चालू असेल तर थोडा जास्त वेळ लागणारा रस्ता आधी सुचवला जाऊ शकतो.

आवाज. गाडीच्या ब्लूटूथला फोन जोडलेला असतो, पण स्टिरिओ एफएमवर असतो. अशा वेळी सूचना ब्लूटूथकडे जातात आणि तुम्हाला काहीच ऐकू येत नाही. स्टिरिओ ब्लूटूथवर ठेवा, नाहीतर मॅप्सच्या नेव्हिगेशन सेटिंगमध्ये ‘ब्लूटूथवरून आवाज’ बंद करून फोनच्याच स्पीकरवर ऐका. तिथेच चाचणीचा आवाज वाजवून पाहायची सोय आहे. फोनवर बोलणं चालू असतानाही सूचना ऐकू याव्यात की नाही, हेही तिथेच ठरतं.

> तपासा: मोकळ्या जागेत उभं राहून मॅप्स उघडा. निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं. वर्तुळ जेवढं मोठं, तेवढी फोनला स्वतःच्या जागेची खात्री कमी. मिनिटभराने ते आक्रसून ठिपक्याएवढं झालं नाही तर वरच्या परवानग्या पुन्हा पाहा.

## २. ठिकाण पक्कं करा

हा टप्पा बहुतेकजण गाळतात.

महाराष्ट्रात एकाच नावाची गावं इतकी आहेत की नुसतं गावाचं नाव जवळजवळ कधीच पुरेसं नसतं. पुण्यात बसून ‘खेड’ म्हणालात तर तीन उत्तरं संभवतात: नाशिक रस्त्यावरचं राजगुरुनगर, सातारा रस्त्यावरचं खेड शिवापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यातलं खेड. ‘आंबेगाव’ म्हटलं की कात्रजजवळचं आंबेगाव बुद्रुक, त्याच्या शेजारचं आंबेगाव खुर्द किंवा जिल्ह्याच्या उत्तरेचा आंबेगाव तालुका, ज्याचं मुख्य ठिकाण घोडेगाव. शिरूर पुणे जिल्ह्यात आहे, शिरूर कासार बीडमध्ये, शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये. कळंब धाराशिवमध्येही आहे आणि यवतमाळमध्येही. कारंजा म्हणाल तर वाशिमचं कारंजा लाड की वर्ध्याचं कारंजा घाडगे, तेही सांगावं लागेल.

म्हणून नियम असा: गावाचं पूर्ण नाव, मग तालुका, मग जिल्हा. बुद्रुक-खुर्द कधीच गाळू नका. नकाशावर हे शब्द पुष्कळदा ‘बीके’ आणि ‘केएच’ असे आखूड लिहिलेले असतात. पूर्ण शब्दाने ठिकाण सापडलं नाही तर तसं म्हणून पाहा.

नावं बदललेल्या शहरांचीही काळजी घ्या. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ पासून, अहिल्यानगर २०२४ पासून रूढ झाली. दुकानांच्या आणि संस्थांच्या पत्त्यांत अजून जुनी नावं आहेत, त्यामुळे एका नावाने सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधा. ‘संभाजीनगर’ एवढंच म्हणू नका. त्या नावाची वस्ती चिंचवडला आहे, कोल्हापुरातही आहे. ‘छत्रपती’सह पूर्ण नाव घ्या.

शहरात घोळ वेगळा असतो. शिवाजी चौक, गणेशनगर, एमजी रोड गावोगाव आहेत. बँका आणि मोठी दुकानं यांच्या दहा शाखा असतात आणि असिस्टंट बहुधा जवळची उचलतो. अशा वेळी शाखेचं नाव घ्या किंवा शेजारची एकमेव खूण सांगा: पोलीस ठाणं, जिल्हा परिषदेची शाळा, रेल्वे स्टेशन, सिनेमागृह.

### घराचा पत्ता असेल तर पिनच घ्या

‘फ्लॅट नंबर ४, बी विंग, दत्तमंदिराच्या मागे’ हे टपालवाल्याला कळतं, असिस्टंटला नाही. ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन, म्हणजे नकाशावर नेमकी जागा दाखवणारी पिन, मागवा. मागवताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. ‘लाइव्ह लोकेशन’ नको, कारण तो माणूस बाजारात गेला की पिनही बाजारात जाते. आणि लोकेशन गेटपाशी उभं राहून पाठवायचं, सोफ्यावर बसून नाही. पाठवण्याआधी व्हॉट्सअ‍ॅप ‘किती मीटरपर्यंत अचूक’ हे दाखवतं. आकडा मोठा असेल तर थोडं थांबून, तो खाली आल्यावर पाठवायला सांगा.

गेटचा आग्रह कशासाठी? मॅप्स गाडीला पिनपर्यंत नेत नाही, पिनच्या सगळ्यात जवळच्या रस्त्यापर्यंत नेतं. पिन इमारतीच्या मागच्या खोलीवर पडली असेल आणि मागून एखादी गल्ली जात असेल, तर फोन तुम्हाला त्या गल्लीत, कुंपणाच्या भिंतीसमोर उभं करून ‘तुम्ही पोचलात’ म्हणेल. मोठी सोसायटी, हॉस्पिटल, मंगल कार्यालय, एमआयडीसीतला कारखाना या जागांवर हे हमखास घडतं.

आलेली पिन मॅप्समध्ये उघडा आणि तिला लेबल द्या. लेबल तोंडाने म्हणायला सोपं हवं आणि त्या नावाचं दुकान किंवा गाव नको. ‘मावशी’ नको, कारण त्या नावाची खाणावळ कुठेतरी असणारच. ‘सुलभामावशी वाकड’ चालेल. लेबल दिल्यावर एकदा बोलून पाहा. असिस्टंटने तेच ठिकाण उघडलं तरच ते लेबल कामाचं. उघडलं नाही तर त्याच्याशी झगडत बसू नका. पिनवर बोट लावून मार्ग काढा आणि आवाजाचं काम पुढच्या सूचनांपुरतं ठेवा.

> सावध: ‘घर’ आणि ‘ऑफिस’ ही दोन लेबलं जुन्या पत्त्यावर राहिलेली असतात. घर बदललं की त्याच आठवड्यात ती बदला.

## ३. वाक्य असं बोला

आधी काचा वर घ्या, पंखा कमी करा, गाणी थांबवा. गाडीच्या ब्लूटूथचा माइक तुमच्या तोंडापासून लांब असतो आणि त्यातून जाणारा आवाज फोनच्या स्वतःच्या माइकपेक्षा निकृष्ट असतो. नाव दोनदा चुकीचं ऐकलं गेलं तर ब्लूटूथ तात्पुरतं तोडा, थेट फोनशी बोला आणि मग पुन्हा जोडा. ‘हे गूगल’ म्हटल्यावर ऐकू लागल्याची खूण होईपर्यंत थांबा. घाई केली की पहिला शब्द कापला जातो आणि ‘वडगाव मावळ’चं नुसतं ‘मावळ’ उरतं.

मग एका दमात, न थांबता:

‘नेव्हिगेशन सुरू कर, खेड, रत्नागिरी जिल्हा.’

या वाक्यात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत.

एक, क्रियापद स्पष्ट आहे. ‘खेडला कसं जायचं?’ असं विचारलं तर असिस्टंट गप्पा मारल्यासारखं उत्तर देऊ शकतो: अंतर सांगेल, एसटी आणि रेल्वेचे पर्याय सांगेल, पण मार्ग सुरू करणार नाही.

दोन, नाव मूळ रूपात आहे. मराठीत बोलताना आपण ‘ठाण्याच्या स्टेशनवर’, ‘साताऱ्याला’, ‘वाईला’ असं म्हणतो. नाव बदललं किंवा त्याला प्रत्यय लागला की नकाशातल्या नावाशी ते जुळायला अवघड जातं, विशेषतः लहान गावांच्या बाबतीत. ‘ठाणे रेल्वे स्टेशन’, ‘सातारा’, ‘वाई, सातारा जिल्हा’ असं म्हणा.

तीन, मध्ये ‘अं...’ नाही. थांबलात की असिस्टंट समजतो बोलणं संपलं, आणि तेवढ्यावरच शोध घेतो. पूर्ण पत्ता मनात जुळवून मगच तोंड उघडा.

रस्त्यांची नावं लोक बोलतात ती आणि नकाशावर असतात ती वेगळी असू शकतात. ‘जेएम रोड’ सापडला नाही तर ‘जंगली महाराज रस्ता’ म्हणा, ‘एफसी रोड’ नाही तर ‘फर्ग्युसन कॉलेज रस्ता’. पिनकोड अंक एकेक करून सांगा: ‘चार एक एक शून्य तीन आठ’. ‘चारशे अकरा’ वगैरे नको.

> सावध: जेमिनीसारखा बोलका असिस्टंट मॅप्सशी जोडलेला नसेल तर नुसत्या शब्दांत ‘पुढच्या चौकातून डावीकडे, मग दुसरा उजवा’ असा रस्ता सांगू शकतो. ऐकायला तो पटतो, पण तो नकाशावरून काढलेला असेलच असं नाही. असिस्टंटच्या सेटिंगमध्ये ‘जोडलेली अ‍ॅप्स’ यात गूगल मॅप्स चालू आहे का पाहा. स्क्रीनवर निळी रेघ उमटलेली नसेल तर त्या रस्त्याने जायचं नाही.

## ४. निघण्याआधी एक मिनिट नकाशाकडे पाहा

मार्ग सुरू झाला, आवाजही आला. अजून ब्रेकवरचा पाय काढू नका. पूर्ण मार्ग दिसेल असा नकाशा लहान करा आणि पुढच्या गोष्टी याच क्रमाने पाहा.

दिशा. बहुतेकजण फक्त किलोमीटर पाहतात, पण आकडा फसवतो. पुण्याहून दोन्ही कर्जत शंभर-दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर आहेत. आकडा पाहून शंका येणार नाही, रेघ पाहून मात्र लगेच कळेल: एक रेघ पश्चिमेला घाट उतरते, दुसरी पूर्वेला दौंडच्या बाजूला जाते.

ठिकाणाखालचा पत्ता. तालुका आणि जिल्हा वाचा. पाच सेकंदांचं काम आहे.

वाटेतलं पाणी. रेघ खाडी किंवा नदी ओलांडताना तुटक झाली तर तिथे पूल नाही, फेरीबोट आहे. कोकणात हे नेहमीचं आहे. दापोलीहून गुहागरला निघालात तर मॅप्स दाभोळ-धोपावे जंगलजेट्टीवरून नेऊ शकतं. दिवसा तो उत्तम मार्ग. रात्री उशिरा पोचलात तर बोट नसते आणि खेड-चिपळूणवरून लांबचा वळसा पडतो. वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी आणि जयगड-तवसाळ इथेही तेच. बोटीची वेळ फोन करून विचारा किंवा ‘फेरी टाळा’ चालू करा.

घाट. पावसाळ्यात घाटाचं नाव पाहिल्याशिवाय निघू नका. भोर-महाडचा वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीला बंद केला जातो. दरड पडली की ताम्हिणी, आंबेनळीही थांबतात. नकाशावर अशी बंदी उशिरा येते, काही वेळा येतच नाही. जिल्हा प्रशासनाची सूचना किंवा त्या गावातल्या माणसाचा फोन यावर जास्त भरवसा ठेवा.

शेवटचे दोन किलोमीटर. ठिकाणाजवळ नकाशा मोठा करून पाहा. पिन गेटवर आहे का, शेवटचा रस्ता चारचाकी जाईल एवढा आहे का, की शेतातली पांदण आहे? उपग्रहाचं चित्र चालू केलं तर हे लख्ख दिसतं.

सुचवलेले इतर मार्ग. पाच-सात मिनिटं वाचवणारा आडमार्ग रात्री, पावसात किंवा अनोळखी भागात घेऊ नका. राज्यमार्गावर राहून दहा मिनिटं जास्त गेलेली परवडतात.

तुम्हाला ठरावीक रस्त्यानेच जायचं असेल, समजा मुळशी-ताम्हिणीवरूनच, तर तोंडी ‘व्हाया’ सांगण्यापेक्षा मुळशी हा थांबा म्हणून हाताने घाला. एका मार्गात ९ थांबे घालता येतात. तोंडी ‘व्हाया’ कधी धरला जातो, कधी गळून जातो आणि गळल्याचं कळत नाही.

## ५. रेंज नसलेल्या पट्ट्याची तजवीज

आवाज समजून घ्यायला आणि नवं ठिकाण शोधायला असिस्टंटला सहसा इंटरनेट लागतं. एकदा सुरू झालेला मार्ग मात्र रेंज गेल्यावरही चालू राहतो, कारण उपग्रहावरून जागा काढायला इंटरनेट लागत नाही. यावरून दोन गोष्टी ठरतात.

मार्ग घाटाच्या आधी, रेंज असतानाच सुरू करा. घाटात चहाला थांबून ‘नेव्हिगेशन बंद’ केलंत तर तो पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. थांबा, चहा घ्या, पण मार्ग बंद करू नका.

दुसरं, ऑफलाइन नकाशा घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवा. निवडीच्या चौकटीत फक्त गंतव्य शहर घेऊ नका. निघण्याचं गाव, वाट आणि पोचण्याचं गाव असा सगळा पट्टा घ्या. ऑफलाइन नकाशात वाहतुकीची ताजी स्थिती नसते, त्यामुळे दाखवलेल्या वेळेत कोंडी धरलेली नसते. उतरवलेल्या नकाशाला मुदत असते. लांबच्या प्रवासाआधी त्या यादीत जाऊन तो ताजा करून घ्या.

> तपासा: निघण्याआधी फोन क्षणभर विमान मोडवर टाका आणि ठरलेला मार्ग काढून पाहा. निघाला तर नकाशा पुरेसा आहे.

## ६. गाडी चालू झाल्यावर

फोन डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. तापला की स्क्रीन मंद होते आणि चार्जिंग थांबतं. एसीच्या झडपेजवळचा स्टँड बरा. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण वापरायची मुभा फक्त रस्ता पाहण्यासाठी आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. पत्ता टाइप करणं त्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली ते धोकादायक वाहन चालवणं ठरू शकतं. पत्ता बदलायचा तर गाडी बाजूला घ्या.

पहिली सूचना. तळघरातल्या पार्किंगमध्ये मार्ग सुरू करू नका. तिथे उपग्रह दिसत नाहीत आणि फोन तुम्हाला शेजारच्या भलत्याच रस्त्यावर समजतो. बाहेर रस्त्यावर या, मग सुरू करा. ‘उत्तरेकडे निघा’ अशी सूचना आली आणि उत्तर कुठे ते कळलं नाही तर वीस-तीस मीटर पुढे जा. उभ्या गाडीत फोन होकायंत्रावर अवलंबून असतो आणि चुंबकी स्टँडने ते बिघडतं. चाकं फिरली की हालचालीवरून त्याला दिशा कळते.

पूल आणि सर्व्हिस रोड. मोठ्या चुका होतात त्या इथे. फोनला डावी-उजवी जागा काही मीटरच्या फरकाने कळते. तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली, हे त्याला ओळखणं अवघड. गूगलने २०२४ मध्ये भारतात उड्डाणपुलाची आगाऊ सूचना द्यायला सुरुवात केली, पण ती प्रत्येक पुलाला मिळेलच असं नाही. पुण्याचा चांदणी चौक घ्या: मुळशी, सातारा, मुंबई, बावधन, कोथरूड या दिशांच्या रॅम्प एकमेकींना लागून सुटतात. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. सूचना दोन सेकंद उशिरा आली तर तुम्ही चौतीस मीटर पुढे, म्हणजे बहुधा रॅम्प ओलांडून गेलेले. अशा जागी आवाजाची वाट पाहू नका. अर्धा किलोमीटर आधी स्क्रीनवरची लेनची खूण पाहा आणि वरच्या हिरव्या-निळ्या पाटीवरचं गावाचं नाव वाचून लेन धरा. पाटी आणि आवाज यांत फरक पडला तर पाटी खरी.

जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईतल्या बेलापूरला नकाशा पाहत जाणारी एक गाडी पुलावर जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने ध्रुवतारा जेट्टीवरून थेट खाडीत गेली. चालक महिलेला सागरी सुरक्षा जवानांनी वाचवलं. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्री नकाशाच्या आधारे निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि एकाचा जीव गेला. फरशी पूल, साकव, जेट्टीकडे उतरणारे रस्ते यांवर पाणी आहे की नाही, हे नकाशाला माहीत नसतं. पुढचा रस्ता दिव्यांच्या उजेडात स्पष्ट दिसत नसेल तर गाडी थांबवा, आवाज काहीही म्हणो.

वळण चुकलं तर. पुढे जात राहा. काही सेकंदांत मार्ग नव्याने निघतो. समृद्धीवर किंवा द्रुतगती मार्गावर बाहेर पडायची वाट चुकली तर पुढचा इंटरचेंज लांब असू शकतो. तरी मागे घेणं किंवा उलट्या दिशेने येणं कधीच नाही.

वाटेत बोलायच्या आज्ञा. ‘पुढचं वळण कुठे?’, ‘पोचायला किती वेळ?’, ‘दुसरा मार्ग दाखव’, ‘आवाज बंद कर’. मराठीत कळलं नाही तर ‘व्हॉट इज माय नेक्स्ट टर्न’ असं सरळ इंग्रजीत म्हणा. पेट्रोल हवं असेल तर ‘वाटेत पेट्रोल पंप शोध’ म्हणा. ‘वाटेत’ गाळलं तर मागे पडलेला पंप निवडला जाऊ शकतो किंवा मूळ ठिकाणच बदलून बसतं. थांबा घातल्यावर शेवटचं ठिकाण कायम आहे ना, हे शेजारच्याला पाहायला सांगा.

## ७. शेवटचे दोनशे मीटर

पिन गेटवर घेतली असेल तर इथे काही करावं लागत नाही. घेतली नसेल तर ‘तुम्ही पोचलात’ ऐकताच गाडी आत घालू नका. बाजूला थांबा, नकाशा मोठा करा, गेट कोणत्या रस्त्यावर आहे ते पाहा. गल्ली निमुळती होत चाललेली दिसली तर खिडकी खाली करून पानवाल्याला किंवा वॉचमनला विचारा. विचारताना इमारतीचं नाव सांगा आणि ‘चारचाकी जाते का?’ हे आवर्जून विचारा, कारण पायी जाणारा माणूस पायवाटच सांगतो.

## ८. बिघाड ओळखा

आवाज येतो पण खूप उशिरा: ब्लूटूथमुळे आवाज मागे पडतो. फोनच्या स्पीकरवर ऐकून पाहा. फरक पडला नाही तर बॅटरी सेव्हर पाहा.

प्रत्येक वेळी जवळची शाखा किंवा चुकीचं गाव उघडतं: तालुका-जिल्हा राहून गेलाय. शिवाय शोधाच्या जुन्या यादीत तेच चुकीचं ठिकाण वर बसलेलं असू शकतं. ते यादीतून काढा.

ठिपका शेजारच्या रस्त्यावर उड्या मारतो: ‘अचूक लोकेशन’ बंद आहे किंवा फोन गाडीच्या कप्प्यात ठेवलाय. काचेजवळ ठेवा.

असिस्टंट ‘फोन अनलॉक करा’ म्हणतो: निघण्याआधीच अनलॉक करून मार्ग सुरू करा. मार्ग चालू असताना मॅप्स समोर असेल तर स्क्रीन सहसा विझत नाही.

मार्ग अचानक बदलतो: पुढे कोंडी आहे म्हणून वेगवान मार्ग सुचवला जातो आणि कधी तुम्ही काही न बोलल्यास तोच लागू होतो. नको असेल तर लगेच नाकारा.

ठिकाणच नकाशावर चुकीच्या जागी असेल तर ते दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात. मॅप्समध्ये ते ठिकाण उघडा, ‘बदल सुचवा’ निवडा, पिन गेटवर ओढा आणि पाठवा. रस्ता बंद असल्यास मार्ग चालू असतानाच्या ‘रिपोर्ट’ बटणावरून कळवता येतं. ते काम गाडी थांबल्यावर करा किंवा शेजारी बसलेल्याला सांगा.